पाठमोरी

बायको चित्रकला शिकायला परदेशी निघाली आणि नवरा तिच्यामागोमाग तिकडे डोकी भादरायला निघाला, याची घरात पुष्कळ थट्टा झाली. थोरल्या वहिनीने तर निघायच्या आदल्या दिवशी भरल्या पंगतीत विचारलं, "भावजी, तिकडे रस्ता ओलांडताना तिचा पदर धरणार की पिशवी?" सगळे हसले, तोही हसला. त्याला त्यात कमीपणा वाटत नव्हता. कैची नेऊ तिथे चालते आणि केस सगळ्या मुलखात वाढतात, असं त्याचं साधं गणित होतं. शिवाय ती दोन वर्षं जाणार होती, आणि दोन वर्षं तिच्यावाचून काढायची म्हणजे काय, याचा विचार त्याने कधी केलाच नव्हता.

तिचा बाप गाड्यांच्या नंबराच्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचा. शाळेतून आली की ती बापाच्या हाताखाली बसून अक्षरांच्या कडा भरायची. तिथेच एकदा जुना रंग काढायला तापवलेली पत्र्याची पाटी तिच्या पाठीला लागली होती. उजव्या खांद्याच्या जरा खाली त्याचा डाग राहिला, ओल्या मातीत अंगठा दाबावा तसा. लग्न ठरेपर्यंत तिच्या आईने तो झाकला आणि लग्न झाल्यावर ती स्वतः झाकू लागली. घरच्या बायकांतही ती पाठ उघडी पडू देत नसे. लग्नानंतर तो डाग एका नवऱ्याने तेवढा पाहिला होता.

परदेशात त्यांना बूट दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर एक खोली मिळाली. एक पलंग, एक शेगडी, तोंड धुवायचं बेसिन आणि या सगळ्यावर अळशीच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास. उशीलासुद्धा तोच वास. दोन गल्ल्या पलीकडे त्याला एका सलूनमध्ये तिसऱ्या खुर्चीवर काम मिळालं. पहिली खुर्ची मालकाची. दुसरीवर आपल्याच मुलखातून आलेला एक गडी होता. त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण कोणी ऐको न ऐको, तो सुरूच असायचा. तिथली भाषा नवऱ्याला कामापुरतीच येई. कान उघडे ठेवू का, मागे किती कापू, आणि शेवटी मानेमागे हातातला आरसा धरून, "बरं आहे?" एवढ्यावर त्याचं सगळं भागत असे. उरलेलं बोलणं रेडिओशी.

पहिलं वर्ष मजेत गेलं. ती संध्याकाळी यायची आणि वर्गात काय झालं ते भाकऱ्या भाजता भाजता सांगायची. तेव्हा तिच्याकडे सफरचंदं, मडकी, बाटल्या असलीच चित्रं होती. सफरचंदं आठवडाभर चित्रासाठी बसायची आणि सुरकुतली की यांच्या ताटात यायची. तो म्हणायचा, तुझी मॉडेलं फार गोड आहेत, जरा जाडजूड बसव. ती हसायची. तिच्या मास्तरीणबाई वयस्क होत्या, बोलायला कडक. त्या तिला म्हणाल्या होत्या की तुला वस्तू येतात, अंग येत नाही. माणसाचं अंग रंगवता येत नाही तोवर तू पाटीवालीच. हे तिने त्याला जसंच्या तसं सांगितलं.

दुसऱ्या वर्षी तिचं बोलणंच आटलं. ती वेळेवर येत असे, जेवत असे, हसतही असे, पण चित्राबद्दल एक अक्षर नाही. विचारलं तर, "चाललंय." रोजचा पाऊस पडत असला की त्याकडे लक्ष जात नाही, थांबला की जातं. तसं त्याचं लक्ष गेलं.

मग एकेक दिसू लागलं. तिच्या पिशवीत एक चावी होती. खोलीची नव्हती, पितळेची, जुन्या तऱ्हेची. मग बेसिनवर खिळ्याला टांगलेला आरसा गेला. मूठ मोडलेला तो हातआरसा सलूनमधून टाकून देत होते, तो त्याने तिच्यासाठी आणला होता. कुठे गेला विचारलं तर म्हणाली, लागत होता म्हणून नेला. चित्रकलेच्या शाळेत आरसा कशाला लागतो? वेणीफणी करायला. आणि वेणीफणी कोणासाठी? पुढे त्याच्या लक्षात आलं की आठवड्यातले काही दिवस ती सकाळी केसांवरून पाणी घेते आणि ओल्या केसांनी जाते. घरी यायची तेव्हा अंबाडा वेगळ्याच हाताने घातल्यासारखा. बायकांचे अंबाडे त्याच्या धंद्यात येत नसले तरी केसांतला हात त्याला कळत होता.

आणि लंबू होता. लंबू हे नाव त्यानेच मनात ठेवलेलं. वर्गातला एक मुलगा, ताडासारखा उंच, कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत आलेल्या. तो कधीमधी तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला येई. दोघं उभे राहून हातवारे करत बोलत आणि हा खिडकीतून पाहत असे. एवढं काय बोलतात, हे काचेतून कळायला मार्ग नव्हता.

त्याने हे रेडिओला सांगायला नको होतं. पण दुसरं होतं कोण?

रेडिओने शांतपणे ऐकून घेतलं. तो शांत बसला याचीच याला भीती वाटली. मग रेडिओ म्हणाला, तू साधा आहेस. कलेच्या शाळेत कपडे काढून बसवतात, हे तुला माहीत नाही का? याला माहीत होतं. तिने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, की पैसे घेऊन बसणारी माणसं येतात, त्यात लाजण्यासारखं काही नसतं. तेव्हा त्याला त्यात काही वाटलं नव्हतं. आता वाटलं.

"पण ती चित्र काढते, बसत नाही," तो म्हणाला.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" रेडिओ म्हणाला. "जा आणि डोळ्यांनी बघून ये."

एका दुपारी तो दात दुखतो म्हणून मालकाला सांगून निघाला आणि शाळेच्या मागच्या गल्लीत उभा राहिला. तिथे एक हिरव्या रंगाचं दार होतं. थोड्या वेळाने ती आली, पिशवीतून पितळी चावी काढून आत गेली. तिच्यामागून लंबू. त्याच्या दोन्ही हातांत चादरीत गुंडाळलेलं भलंमोठं काहीतरी होतं. ते उराशी धरून तो तिरका तिरका होत दारातून आत शिरला. तिने आतून काहीतरी म्हटलं, तो हसला, आणि दार लागलं. याने तिथेच उभं राहायचं ठरवलं होतं. पण समोरच्या घरातली बाई पडदा सरकवून बघायला लागली आणि याला स्वतःचीच लाज वाटली. तो परत फिरला. लंबू आत किती वेळ होता, हे त्याने पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर कळलं असतं, की ते ओझं ठेवून तो लगेच बाहेर आला होता.

"चादरीत काय असेल?" त्याने दुसऱ्या दिवशी विचारलं.

"गादी," रेडिओ म्हणाला, आणि वस्तऱ्याला धार लावू लागला.

त्या रात्री जेवताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, की काल दुपारी कुठे होतीस.

"शाळेत."

"वर्गात?"

"शाळेत म्हटलं ना," ती म्हणाली आणि ताटाकडे बघून स्वतःशीच हसली. संशयी माणसाला दुसरं काही लागत नाही, समोरच्याचं हसूही पुरतं. त्याने तिच्या पाठीकडे पाहायचं सोडून दिलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली की तो छताकडे बघत असे.

वर्ष संपत आलं आणि ती पुन्हा बोलू लागली. आता तिच्या तोंडी प्रदर्शनाशिवाय दुसरं काही नव्हतं. त्या शाळेची रीत अशी, की शेवटच्या वर्षाची चित्रं मोठ्या दालनात टांगायची, पण कोणाचं कुठलं ते लिहायचं नाही. चित्राखाली फक्त आकडा. बाहेरून तीन परीक्षक येणार, ते निवड करणार. ज्याचा पहिला नंबर येईल त्याला शाळा आणखी एक वर्ष ठेवून घेते, मोठ्या वर्गात. मात्र निवड होईपर्यंत चित्र कोणाचं ते परीक्षकांना कळलं, मग ते कसंही कळो, तर ते चित्र बाद. त्यासाठी विद्यार्थ्यांना त्या दिवशी दालनात पाऊलही टाकू देत नसत. घरच्या माणसांना मात्र सकाळी बघायला सोडत.

"तुम्ही या," ती म्हणाली. "मी सांगणार नाही माझं कुठलं. तुम्ही ओळखायचं."

ते वर्ष तिला किती हवं होतं, हे न सांगता कळत होतं. मास्तरीणबाईंनी तिला नुसतं म्हटलं होतं, बघू या. पण त्या बाईंचं बघू या म्हणजे दुसऱ्याची पाठ थोपटणं. तिचं मन आनंदात होतं. त्याच्या मनात एकच होतं, की आणखी एक वर्ष म्हणजे आणखी एक वर्ष लंबू.

प्रदर्शनाच्या सकाळी त्याने घोटून दाढी केली, ठेवणीतला सदरा घातला. ती पायऱ्यांवर बाकीच्या मुलामुलींबरोबर थांबली. तो आत गेला. दालन उंच होतं, वरून काचेतून उजेड येत होता. लोक हळू आवाजात बोलत होते. दोन परीक्षक एका टोकाला कागद घेऊन उभे, तिसऱ्या बाई खुर्चीत. लंबूसुद्धा आत होता. उंच म्हणून चित्रं टांगायचं आणि सरळ करायचं काम त्याच्याकडे दिलेलं, आणि कोणाशी बोलायचं नाही अशी ताकीद.

याने मडकी शोधली. करड्या रंगातली दोन मडकी आणि एक बाटली सापडली, हेच तिचं, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं. मग तो वळला.

समोरच्या भिंतीवर एक बाई पाठमोरी बसली होती. लोखंडी स्टूल, मळकी भिंत, कोपऱ्यात हात तुटलेला प्लास्टरचा पुतळा. एका हाताने तिने मानेवरचे ओले केस वर धरले होते. पाठ कमरेपर्यंत उघडी. आणि उजव्या खांद्याच्या जरा खाली तो डाग, अंगठा दाबावा तसा.

सगळी माणसं ती पाठ बघत होती. एक म्हातारा चष्मा काढून जवळून बघत होता.

आता तो अगदी बिनडोक होता असं नाही. तेवढ्यातही त्याने विचार केला, की तिने स्वतःच आरशात बघून काढलं असेल तर? आरसा गेला होता खरा. पण आरशात उजव्याचं डावं होतं. डावीकडे भांग पाडणारं गिऱ्हाईक आरशात उजवीकडे भांग पाडतं, हे दिवसभर आरशासमोर उभा राहणाऱ्याला कोणी शिकवायला नको. आरशात पाहिलं असतं तर डाग डावीकडे आला असता. इथे तो उजवीकडे होता, जिथे असतो तिथेच. म्हणजे कोणीतरी तिच्यामागे उभा राहून तो बघितला होता. चावी, चादर, ओले केस, सगळं एका क्षणात जागेवर जाऊन बसलं. रोज पंधरा-वीस माणसांच्या मानेमागे दुसरा आरसा धरणाऱ्याला दुसरा आरसा आठवला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

लंबू शिडीवरून उतरत होता. याने जाऊन त्याची गचांडी धरली. लंबूच्या गळ्यापर्यंत हात पोचायला याला टाचा उंचवाव्या लागल्या, आणि एरवी हे पाहून तो स्वतःच हसला असता.

"ती माझी बायको आहे," तो तिथल्या भाषेत म्हणाला. त्याला तेवढं वाक्य येत होतं. "तू काढलंस. तू."

दालनातली सगळी डोकी तिकडे वळली. लंबूने आधी मानेने नाही म्हटलं, तोंडावर बोट ठेवलं, परीक्षकांकडे डोळे फिरवले. याला वाटलं, चोर पकडला गेला म्हणून खुणा करतोय. त्याने पकड आवळली. लंबू लालबुंद झाला, आणि शेवटी त्या पोराचा धीर सुटला.

"मी नाही," तो ओरडला. "तिनेच काढलं. दोन आरसे लावून. मी फक्त मोठा आरसा उचलून नेला."

खुर्चीतल्या परीक्षक बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. मास्तरीणबाई दारातून चालत आल्या. त्यांनी याच्याकडे पाहिलं नाही, लंबूकडेही नाही. त्या भिंतीपाशी गेल्या, चित्र स्वतः उतरवलं आणि तोंड भिंतीकडे करून खाली टेकवून ठेवलं. खिळ्याखालचा आकडा तेवढा तसाच राहिला.

तो बाहेर आला. ती पायऱ्यांवर होती. त्याला बघून उठली, साडीच्या निऱ्या झटकल्या.

"ओळखलंत?" तिने विचारलं. तिचा सगळा चेहरा हसत होता.

"ओळखलं," तो म्हणाला.

पुढचं तिला त्याच्या तोंडून ऐकावं लागलं नाही. मागून लंबू आला होता, त्याने सांगितलं. तो सांगत असताना ती त्याच्याकडे न बघता नवऱ्याकडे बघत होती. तिने आवाज चढवला नाही. दोघं घरापर्यंत चालत आले. बूटवाल्याने नेहमीसारखा हात केला, तिने नेहमीसारखं हसून मान हलवली. खोलीत आल्यावर तिने पितळी चावी टेबलावर ठेवली. शाळेच्या अडगळीच्या खोलीची चावी होती ती. मोडके पुतळे ठेवायची जागा. कोणी येऊ नये म्हणून बाईंनी तिला दिली होती.

"मला सांगायचं होतंस," तो म्हणाला. "मी धरला असता आरसा."

"तुम्ही म्हणाला असता, डाग कशाला दाखवतेस."

तो तसंच म्हणाला असता.

"ती जागा सगळ्या जगात तुम्ही एकट्यानेच पाहिली होती," ती म्हणाली. "माझी असून मला माहीत नव्हती. मला बघायची होती, एवढंच. आणि तुम्हाला दाखवायची होती, की बघा, मला येतं आता." मग ती म्हणाली, "तुम्हाला वाटलं तरी काय?"

त्याने सांगितलं. चावी, आरसा, केस, चादर. गादीचंही सांगितलं. गादी ऐकल्यावर तिच्या तोंडून हसण्यासारखा एक आवाज आला. ते हसणं नव्हतं.

आणखी एक वर्ष त्या करड्या मडक्यांना मिळालं. ती कोणाची होती हे दोघांनी विचारलं नाही. वर्ग बंद व्हायला थोडे आठवडे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी खांद्याला लावून ती दारात थांबली आणि म्हणाली, "अहो, मी वर्गात आहे. माझ्या एका बाजूला लाल केसांची मुलगी असते, दुसऱ्या बाजूला एक म्हातारबुवा. तो उंच मुलगा लांब, खिडकीपाशी. जेवणाच्या सुट्टीत दुकानात जाईन, तिथून परत वर्गात."

त्याला वाटलं, रागात आहे, एक दिवस बोलेल. पण ती रोज सांगू लागली. आवाजात राग नाही, टोमणा नाही. स्टेशनावर गाड्यांची माहिती सांगतात तशी. कोणाशी काय बोलली, कोणी वाटेत सोबत केली, केस का धुतले. संध्याकाळी परत हिशेब. सहा महिने जे ऐकायला त्याचा जीव तळमळला होता ते आता ताटात वाढून येत होतं, आणि त्यातला एकही घास त्याच्या घशाखाली उतरत नव्हता.

"नको सांगूस," तो एकदा म्हणाला. "मी विचारलं का?"

"असू द्या. माहीत असलेलं बरं."

चित्रंही ती पुन्हा सफरचंदांची काढू लागली. सुरकुतलेली सफरचंदं ताटात आली की तो त्यांना हात लावत नसे. एकदा त्याने मास्तरीणबाईंना गाठून, तोडक्यामोडक्या भाषेत, चूक माझी आहे, तिला शिक्षा का, असं विचारलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, की नियम चूक कोणाची ते विचारत नाही. सलूनमध्ये रेडिओने दोनतीनदा बातमी विचारली. याने त्याला सांगितलं, तू तुझ्या खुर्चीकडे बघ. त्यानंतर दोन्ही खुर्च्यांत कैचीचाच आवाज.

लंबूचं मात्र त्याच्या मनातून जाईना. पोराचं काहीच नव्हतं त्यात. उलट त्याच्याच हातून तिचं नाव फुटलं म्हणून तो वर्गात मान वर करत नाही, हे तिच्याच सकाळच्या माहितीतून याला कळलं होतं. एका शनिवारी शाळा सुटायच्या वेळी हा फाटकापाशी जाऊन उभा राहिला. सगळी मुलं बाहेर पडत होती. लंबू याला बघून दचकला आणि त्याचा हात आपोआप कॉलरकडे गेला. याने सगळ्यांच्या देखत हात जोडले. तिथल्या भाषेत माफीचा शब्द त्याला रेडिओला न विचारता कोणालातरी विचारून शिकावा लागला होता. तो शब्द त्याने दोनदा म्हटला, कारण पहिल्यांदा चुकला. लंबू गोंधळला, मग वाकला आणि याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बराच वेळ बोलला. त्यातलं याला काही कळलं नाही. घरी येऊन त्याने हे तिला सांगितलं नाही. फाटकात वीस-पंचवीस मुलं होती, त्यातल्या कोणी सांगितलं असेल तर असेल. तिने विचारलं नाही.

मग परतीच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. त्याची सुट्टी होती, तो शेगडीपाशी बसून कांदा चिरत होता. ती उठली, केस सारखे केले, पिशवी घेतली. दारापाशी गेली. तो कान देऊन बसला. ती चप्पल घालून खाली उतरली. जिन्यावर तिची पावलं वाजली, खालचं दार वाजलं, बूटवाल्याशी तिचे दोन शब्द झाले.

तिने काही सांगितलं नव्हतं.

कुठे चाललीस, हे त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. खिडकी दोन पावलांवर होती. तो उठला नाही. कांदा चिरून झाला तरी तो चाकू तसाच हातात घेऊन बसून राहिला, आणि डोळे पुसायची त्याला घाई वाटली नाही.

संध्याकाळी ती आली. पदराला बोटभर निळा रंग लागला होता. निळा रंग त्या वेळी त्यांच्या घरात नव्हता. ती म्हणाली, भूक लागली आहे. त्याने वाढलं. दोघांनी बूटवाल्याच्या नव्या कुत्र्याबद्दल बोलत जेवण केलं.

पुढे ती होती तोवर, घरी परत आल्यावर, मुलं झाल्यावर, तिची चित्रं लोकांच्या भिंतींवर लागू लागल्यावर, त्याने तो दिवस तिला कधी विचारला नाही आणि तिने सांगितला नाही. ती कुठे गेली होती, हे त्याला आजही माहीत नाही.